न खपलेले सहा नांगर

थोर पुरुषांची चरित्रे लिहिणाऱ्यांना एक खोड असते. नायकाचे जीवितकार्य ते त्याच्या पाळण्यातच आणून ठेवतात. पुढे तो वैद्य झाला असेल तर चौथ्या वर्षी त्याने मांजराच्या पायास पट्टी बांधलेली असते. सेनापती झाला असेल तर मातीचे किल्ले त्याने बांधलेलेच असतात! मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण आपल्याकडे आहे खरी. पण ते पाय पुढे कोणत्या वाटेने गेले हे ठाऊक झाल्यावरच आपण पाळण्याकडे वळून पाहतो, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. कारखानदारांच्या चरित्रांत तर ही खोड विशेष बळावलेली दिसते. नायकाच्या मनात लहानपणीच संकल्प उगवतो, संकटे येतात, तो त्यांवर मात करतो आणि संकल्प तडीस जातो, असा तो ठराविक साचा होय. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र या साच्यात अनेकदा ओतले गेले आहे. त्या साच्यात ते नीट बसत नाही असे आम्हांस वाटते, आणि ते का बसत नाही हे पाहण्यासारखे आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्याच गावी सव्वीस वर्षांपूर्वी, म्हणजे १८४३ साली, बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले होते. एकाच लहानशा गावाने महाराष्ट्रास संगीत नाटकही द्यावे आणि लोखंडी नांगरही द्यावा, हा योग मोठा गमतीचा आहे. पण लक्ष्मणरावांस त्या वयात ना नांगर दिसत होता ना कारखाना. त्यांस चित्रकार व्हावयाचे होते. १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते मुंबईस सर जमशेदजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले. पांढरपेशा घरातील मुलाने चित्रे काढून पोट भरण्याची गोष्ट बोलावी, हे त्या काळी वडीलधाऱ्यांस रुचण्याजोगे नव्हते. परंतु वडील बंधू रामूअण्णा त्यांच्या पाठीशी राहिले, आणि हा पाठिंबा पुढे जन्मभर टिकला.

दोन वर्षे गेली, आणि या तरुणास काही रंगांतील भेदच ओळखता येत नाही असे आढळून आले. डोळ्यांच्या या वैगुण्यास औषध नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्याच्या वाट्यास याहून क्रूर गोष्ट क्वचितच यावी. गळा बसलेल्या गवयास निदान तो सुटण्याची आशा करता येते. येथे तेही नव्हते. मात्र रेषा त्यांच्या हाती शाबूत होती. वस्तूचा आकार, तिची मापे, तिच्या अंगोपांगांची जुळणी कागदावर बिनचूक उतरविण्यास रंगांची गरज लागत नाही. म्हणून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले, आणि १८८७ साली नव्यानेच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांस साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. फळ्यावर यंत्राची आकृती काढून दाखविणे एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. मोकळ्या वेळात ते कर्मशाळेत जात आणि हत्यारे हाती घेऊन कामे शिकत. त्या काळच्या सुशिक्षितास हात काळे करून घेण्याची लाज वाटे. ती लाज त्यांची येथे गेली, आणि आमच्या मते पुढील साऱ्या गोष्टींस हीच पहिली पायरी होती.

येथपर्यंत जीवितकार्याचा कोठे मागमूस आहे काय? पुढेही तो लवकर दिसत नाही. दुचाकी ही चीज मुंबईस नवी होती. ती पाहून लक्ष्मणरावांस तिचा नाद लागला; आणि १८८८ साली बेळगावास 'किर्लोस्कर बंधू' या नावाने दुचाकीचे दुकान निघाले. मुंबईहून माल पाठविणारे लक्ष्मणराव, आणि बेळगावात तो विकून गिऱ्हाइकास बसावयास शिकविणारे रामूअण्णा, अशी वाटणी होती. दुकान बरे चालले. पण दुचाकी विलायतेत तयार व्हावयाची, आणि हे बंधू मधले अडते. यात कारखानदारी नव्हती, आणि देशसेवा म्हणावी तर तीही नव्हती. पुढे इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची जागा मोकळी झाली तेव्हा ती लक्ष्मणरावांस न मिळता एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास भावाकडे आले. या राजीनाम्याचे पोवाडे पुष्कळांनी गायिले आहेत. तो मानी पुरुषाचा राजीनामा होता हे निर्विवाद. पण त्यात उद्योगाची दूरदृष्टी पाहणे म्हणजे पुन्हा पाळण्यात डोकावणे होय. डिवचलेला मनुष्य नोकरी सोडतो. पुढे काय करावयाचे याचा विचार तो बहुधा वाटेत करतो.

बेळगावच्या लहानशा कर्मशाळेत त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले. कडब्याची आख्खी पेंढी जनावरापुढे टाकली म्हणजे ते पाला तेवढा खाते, आणि जाड ताटे पायदळी तुडवून वाया घालविते. तीच पेंढी बारीक कापून घातली तर बरीचशी पोटात जाते. हा हिशेब शेतकऱ्यास पटण्यास अडचण नव्हती, कारण कडब्याची टंचाई त्यास दर उन्हाळ्यात भोगावी लागे. यंत्र खपू लागले. त्या उत्साहात लक्ष्मणराव लोखंडी नांगराकडे वळले, आणि येथे त्यांची खरी गाठ पडली.

त्यांनी सहा नांगर तयार केले. हे सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली.

पुण्याच्या उजाड भूमीत सोन्याच्या फाळाचा नांगर फिरला, ही कथा आपणांपैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. सोन्याचा नांगर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कौतुकाचा विषय झाला. लोखंडाचा नांगर मात्र दुकानाच्या दाराशी गंज खात पडला. लोखंड जमिनीत शिरले म्हणजे तिला विष बाधते आणि ती नापीक होते, असे शेतकरी म्हणत. ही समजूत सांगून आपले सुशिक्षित वाचक हसतात, आणि पुढच्या पानाकडे वळतात. आम्हांस येथे थोडे थांबावेसे वाटते.

लाकडी नांगर म्हणजे काय ते पाहा. बाभळीचे लाकूड गावचेच. घडणारा सुतार गावचाच. फाळास पाणी देणारा लोहारही गावचाच. दोघे बलुतेदार. सुगीच्या दिवसांत खळ्यावर त्यांस धान्य घातले की वर्षभर औताची चिंता मिटली. रोख पैशाचा त्यात संबंधच नाही. नांगर आषाढात मोडला तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होऊन मिळे. आता लोखंडी नांगर पाहा. तो रोकड मोजून घ्यावयाचा; आणि रोकड आणावयाची कोठून, तर सावकाराकडून. त्याचा फाळ बिडाचा, म्हणजे ओतीव. बीड ऐरणीवर ठोकून नीट करता येत नाही; ते तुटते. म्हणजे गावच्या लोहाराचा येथे काही उपयोग नाही. ऐन नांगरटीत फाळ झिजला किंवा दगडास लागून फुटला तर दुसरा आणावयास बेळगाव गाठावे लागणार. त्यात हा नांगर जड. तो ओढावयास बैलांच्या जोड्याही जास्त हव्यात. ज्याचे वर्षाचे पोट एका पावसावर अवलंबून आहे, त्याने हे धाडस का करावे? 'लोखंडाने जमिनीस विष बाधते' हे वाक्य शास्त्रदृष्ट्या चुकीचे आहे यात शंका नाही. पण त्याच्या पोटात जी भीती होती ती अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. परक्या वस्तूने आपला संसार पराधीन होईल, एवढाच तिचा अर्थ. आणि कुणब्यास तो अर्थशास्त्राच्या भाषेत मांडता आला नाही म्हणून त्याने विषाची भाषा वापरली.

लोखंडी नांगराचा गुणही तितकाच खरा. लाकडी नांगर जमीन फाडतो, पण उलथीत नाही. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा ही दोन तणे अशी खोल रुजतात की त्यांपायी चांगली शेते पडीक टाकावी लागत. लोखंडी नांगराचा वक्र पत्रा खालची माती उचलून पालथी घालतो. तणाच्या मुळ्या वर येतात आणि वैशाखाच्या उन्हात करपून मरतात. मोठमोठी ढेकळे पहिल्या पावसात विरघळतात, आणि पाणी खोलवर मुरते. हे डोळ्यांनी पाहिलेल्यास सांगावे लागत नाही. पण न पाहिलेल्यास सांगून समजत नाही.

हा काळ स्वदेशीचा होता. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशी मालाच्या शपथा महाराष्ट्रात गावोगाव घेतल्या जात होत्या. काडेपेट्या, काचेच्या चिमण्या, कापड, साखर या वस्तूंची गिऱ्हाइके आपणच, म्हणजे शहरातील शिकलेली मंडळी. चार आणे जास्त देऊन ओबडधोबड वस्तू घ्यावी आणि देशभक्तीचे समाधान मिळवावे, हे आपणांस परवडण्यासारखे होते. नांगराचे तसे नाही. देशभक्तीसाठी नांगर घेणारा कुणबी मिळत नाही. आणि व्याख्यान ऐकून शपथ घेणाऱ्या वकिलास नांगर लागत नाही! त्या वर्षांत निघालेले कित्येक स्वदेशी कारखाने बुडाले, कारण गिऱ्हाइकाच्या सद्भावनेस त्यांनी भांडवल समजले. लक्ष्मणरावांच्या वाट्यास अशी सद्भावना आलीच नाही. आम्ही म्हणतो, हे त्यांचे भाग्य होते. त्यांचा गिऱ्हाईक कठोर होता, गरीब होता, आणि त्याच्या शंकांस उत्तर देणारी वस्तू हाती पडेपर्यंत तो एक पैसाही सोडणार नव्हता.

म्हणून आमचे मत असे की लक्ष्मणरावांचे जीवितकार्य या दोन वर्षांत जन्मले. तोपर्यंत हा एक कुशल, मानी आणि काहीसा छांदिष्ट गृहस्थ होता. जे यंत्र मनास भुरळ घाली त्यामागे तो जाई. चित्रकला गेली तेव्हा रेषा उरली, नोकरी गेली तेव्हा दुकान उरले; पण या दोन्ही वेळी विचार होता तो स्वतःचाच. नांगर खपेना तेव्हा मात्र आपल्याबाहेरच्या एका मनुष्याचा विचार करणे भाग पडले. त्याची जमीन, त्याचे बैल, त्याचा लोहार, त्याची थैली, सारे ध्यानात घेतल्यावाचून नांगराचा एकही भाग घडविता येत नाही, हे त्यांस कळले. वयाची पस्तिशी तोपर्यंत आली होती.

एवढ्यात बेळगावच्या म्युनिसिपालिटीस गावाच्या विस्तारासाठी जागा हवी झाली, आणि कर्मशाळा जेथे होती तेथून उठण्याची पाळी आली. यंत्रे आहेत, माणसे आहेत, आणि पायाखाली जमीन नाही, असा तो प्रसंग. या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. औंध येथील एका बांधकामाच्या निमित्ताने त्यांचा व लक्ष्मणरावांचा संबंध जुळला होता. बाळासाहेब १९०९ साली गादीवर आले. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून त्यांची ख्याती आहे, पण ते स्वतः चित्रकारही होते. संपूर्ण रामकथा चित्रांत उतरविण्याचा उद्योग त्यांनी केला, आणि औंधच्या टेकडीवर चित्रांचे व शिल्पांचे मोठे संग्रहालय उभारले. ज्यास रंगांनी दगा दिला त्यास आसरा दिला तो रंगांच्या उपासकाने! या दोघांत त्या विषयावर काही बोलणे झाले असेल का, हा विचार आमच्या मनात नेहमी येतो.

बाळासाहेबांनी दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले, आणि संस्थानातील कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन दिली. जमीन म्हणावयाची एवढेच; तेथे निवडुंगाचे रान माजले होते आणि सापांचा सुळसुळाट होता. पाण्याचे दुर्भिक्ष होते. १० मार्च १९१० रोजी मंडळी तेथे उतरली. सुमारे पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे हाच त्या नव्या वसाहतीचा सारा पसारा होता. फाल्गुनाचे ऊन त्या माळावर कसे असते हे ज्यांनी अनुभविले आहे, त्यांस अधिक वर्णन नको.

या वसाहतीचा, म्हणजे किर्लोस्करवाडीचा, संसार रामूअण्णांनी सांभाळला. विहीर, घरे, शाळा, टपाल, भांडणतंटे, आजारपण, हे सारे त्यांच्याकडे, यंत्रे लक्ष्मणरावांकडे. शिवाशीव वाडीत पाळावयाची नाही असा दंडक होता, आणि १९१० च्या सुमारास तो घालून देणे ही लहान गोष्ट नव्हती. तुरुंगाची शिक्षा भोगून आलेल्या माणसांस तेथे रखवालीचे काम देण्यात आले, आणि त्यांनी ते इमानाने केले. या कथा वाचून किर्लोस्करवाडी म्हणजे सत्ययुग होते अशी कोणी समजूत करून घेऊ नये. जेथे घर, काम, शाळा आणि न्याय ही सारी एकाच हातून मिळतात, तेथे तो हात कितीही मायेचा असला तरी जड लागतोच. शिवाय हे सारे एका उदार संस्थानिकाच्या मर्जीवर उभे होते. पण त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांतील मजूर कोणत्या चाळींत राहात होता हे आठवले, म्हणजे तुलना करताना जीभ जरा आवरती घ्यावी लागते.

इकडे नांगराची मागणी हळूहळू वाढत गेली. एका शेतातील कुंदा गेला की बांधापलीकडचा शेजारी ते पाहतो. जाहिरात हवी ती याच जातीची. नांगराच्या जोडीस उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र आले. आणि मागणी वाढते न वाढते तोच १९१४ साली महायुद्ध सुरू झाले.

लोखंड आणि कोक बाहेरून यावयाचा, तो येईनासा झाला. जो मिळे त्याचे भाव आवाक्याबाहेर गेले. विलायती नांगरही येणे बंद झाले, म्हणजे बाजारपेठ मोकळी, आणि ओतावयास हाती लोखंड नाही! लक्ष्मणरावांनी कोकाऐवजी लोणारी कोळशावर भट्टी चालविण्याची खटपट केली. मोडके-तोडके बीड जेथून मिळेल तेथून गोळा केले. अखेर त्यांची दृष्टी कोल्हापूरच्या जुन्या तोफांकडे गेली. शाहू छत्रपतींच्या संस्थानात, गडकोटांवर, निकामी झालेल्या तोफा पडून होत्या. महाराजांकडून त्या मिळाल्या आणि किर्लोस्करवाडीच्या भट्टीत वितळून त्यांचे नांगर झाले. इतिहासाच्या अभ्यासकास या प्रसंगी दोन मने होतात. त्या तोफांवर काय कोरले होते, त्या कोणत्या वेढ्यात धडाडल्या होत्या, हे सारे भट्टीत गेले. आज आम्ही त्या तोफा वस्तुसंग्रहालयात ठेवल्या असत्या आणि त्यांवर प्रबंध लिहिले असते. पण ज्या कुणब्यांच्या पूर्वजांनी त्या तोफा गडावर ओढून नेल्या, त्यांच्याच वंशजांच्या शेतात त्या नांगर होऊन उतरल्या. तक्रार करण्यास आमची लेखणी फारशी उत्सुक नाही.

युद्धानंतरची हकीकत सर्वपरिचित आहे आणि ती आम्ही भराभर सांगतो. १९२० साली 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही मंडळी रीतसर नोंदली गेली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. मालाच्या जाहिरातीसाठी निघालेल्या त्या पत्रिकेचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' अशी भावंडे तिच्या पाठीवर आली. मराठी मध्यमवर्गाचे विचार बदलण्यास या तिन्ही मासिकांनी काय केले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. नांगरास कृतज्ञतेचे दोन शब्द वाङ्मयाच्या इतिहासकारांनीही द्यावेत, एवढेच येथे म्हणतो. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे यंत्रशास्त्र शिकून १९२६ साली परत आले. पुढे मंदीची लाट आली; शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा शेतकऱ्याने पहिली काटछाट केली ती अवजारांत, आणि कारखान्यास लोखंडी खाटा-खुर्च्या करून दिवस काढावे लागले. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथ तयार करण्याचा कारखाना निघाला, आणि १९४६ साली पुण्यास तेलाच्या एंजिनांचा.

फेब्रुवारी १९४८ मध्ये, महात्माजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात जो आगडोंब उसळला, त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही जळाला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. निवडुंग तोडून वसविलेल्या माळावर अडतीस वर्षांनी राखेचे ढीग पाहावे लागणे, आणि तेही ज्या मुलखाच्या शेतकऱ्यासाठी आयुष्य वेचले त्याच मुलखात, यास पूर्वीची कोणतीच आपत्ती तोलत नाही. डोळ्यांचा दोष, बढतीचा अन्याय, म्युनिसिपालिटीची नोटीस, ही सारी माणसाच्या कर्तृत्वास दिलेली आव्हाने होती. ही जखम निराळ्या जातीची होती. 'ज्यांच्यासाठी केले त्यांनीच जाळले' असे म्हणून हात झटकणे त्या वेळी फार सोपे होते, आणि तसे म्हणणारे थोडे नव्हते. त्या दंगलीत होरपळलेली अनेक कुटुंबे आपापल्या गावांतून उठून पुण्यामुंबईस गेली ती पुन्हा परतली नाहीत. त्यांस दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. किर्लोस्करांनीही पुण्याबंगळुरास उद्योग वाढविलेच होते. वाडी सोडावयाची ठरविली असती तर त्यांस जागेची वाण नव्हती. कारखाना पुन्हा उभा राहिला, आणि तो त्याच माळावर.

दुचाकी विकणारा, किंवा मानासाठी नोकरीवर लाथ मारणारा जो लक्ष्मणराव होता, त्याने असे केले असते की नाही हे सांगता येत नाही. न खपलेल्या नांगरांशेजारी ज्याने दोन वर्षे काढली त्यास मात्र शेतकऱ्याचा रोष आणि शेतकऱ्याची गरज या दोन गोष्टी वेगळ्या ओळखण्याची सवय झालेली होती.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. मिरजेहून पुण्याकडे येताना सांगली सोडल्यावर थोड्या वेळाने ते स्थानक लागते. १९१० साली पंचवीस कुटुंबे जेथे बिऱ्हाडबाजले घेऊन उतरली, त्या फलाटावर तेव्हा 'कुंडल रोड' अशी पाटी होती; आता 'किर्लोस्करवाडी' अशी आहे. आजूबाजूस ऊस आहे, आणि उन्हाळ्यात गेल्यास मधूनमधून खोल नांगरलेली, पालथी पडलेली काळी ढेकळे गाडीच्या खिडकीतून दिसतात.